तीन तासांवरचं म्हैसूर

वसंतअण्णा येळ्ळूरकर कुठेही निघाले की आधी परत कसं यायचं ते बघत. लग्नाच्या हॉलमध्ये त्यांची खुर्ची दाराजवळची. दवाखान्यात कुणाला बघायला गेले तर स्टूल समोर असूनही उभ्यानेच चौकशी करत. "बसा की अण्णा," असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "स्वल्प घाई आहे." घाई कसली, ते ओळखीच्या सगळ्यांना माहीत होतं. घरी शिरीष असायचा.

शिरीष त्यांचा एकुलता एक मुलगा. मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेले तेव्हा तो पंचविशी ओलांडलेला होता. उंच, दाट केसांचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा. पण समज सात-आठ वर्षांच्या मुलाची, आणि ती तेवढीच राहणार हे डॉक्टरांनी तो लहान असतानाच सांगितलं होतं. बोलायचा एक-दोन शब्दांत, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. कुकरच्या शिट्टीला घाबरायचा. कपड्यांच्या घड्या मात्र इतक्या सुरेख घालायचा की मी माझे दुपट्टे मुद्दाम खाली नेऊन द्यायची. संध्याकाळी अण्णांचा हात धरून कोपऱ्यावर बस बघायला जायचा. बस आली की "बंतु" म्हणायचा, गेली की "गेली" म्हणायचा, आणि अण्णा दर खेपेला नवी बातमी ऐकल्यासारखे "व्हय?" म्हणायचे.

घर चामराजपेटेत. खाली ते तिघं, वर एक खोली आणि गच्ची, ती माझी. माझी नोकरी व्हाइटफील्डला. मार्केटला मेट्रो धरायची, मॅजेस्टिकला बदलायची आणि सगळं शहर ओलांडून जायचं. ऑफिसातले हसायचे, एवढ्या लांब कशाला राहतेस म्हणून. पण पुण्याहून एकटी आलेली, आणि इथे खालून कुणीतरी मराठीत "वीणाताई, पाणी आलंय" म्हणून हाक मारत होतं. मला ते पुरेसं होतं.

अण्णा मूळचे बेळगावकडचे. बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. स्वभावाने बोलके, थोडे हट्टी, प्रत्येक वस्तूची एक जादा ठेवणारे. घरात दोन टॉर्च, दोन कात्र्या, गेटच्या कुलपाच्या चार किल्ल्या. फोन उचलला की नमस्कार नाही, काही नाही, पहिला प्रश्न, "काय करालाय?" बायकोला असो, बँकेला असो.

बायको शालिनीअक्का. बारीक, चपळ, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्याला एकदम गप्प करणाऱ्या. नात्यात कार्य असलं की मुहूर्ताला अण्णा जायचे आणि जेवायला अक्का, किंवा उलट. एक जण घरी हवाच. अक्कांची नणंद मला म्हणाली होती, "ह्या दोघांचा जोडीने फोटो बघायचा असेल तर त्यांच्याच लग्नाचा बघावा लागतो."

त्यामुळे अण्णांनी एकदा जिन्यात थांबवून "शनिवार-रविवार मोकळ्या आहात काय?" असं विचारलं आणि पुढे, "मी आणि शालिनी म्हैसूरला जाऊन येतो म्हणतोय," असं म्हणाले, तेव्हा मला आधी नीट कळलंच नाही.

"शिरीषला घेऊन?"

"न्हाई. तो तुमच्याजवळ राहू दे. तुमची हरकत नसली तर."

म्हैसूरच का, तेही त्यांनी सांगितलं. राजवाडा आहे, चामुंडी आहे, रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लागतात. मग खरं कारण आलं. "तीन तासांवर आहे. काही झालं तर तीन तासांत दारात."

पुढचा महिनाभर घरात म्हैसूरखेरीज विषय नव्हता. हॉटेल स्टेशनजवळच पाहिजे. खोली तळमजल्यावर पाहिजे, जिना उतरण्यात वेळ जायला नको. परतीची तिकिटं रविवारच्या रात्रीची काढली, शिवाय दुपारचीही काढून ठेवली. मला रोज संध्याकाळी धडे. शिरीष चहा बशीत ओतून पितो. झोपताना बाहेरचा दिवा चालू लागतो. पोट दुखत असलं की सांगत नाही, नुसता कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. मी हे सगळं ऐकत असताना शिरीष शेजारी बसून घड्या घालत असायचा, आणि अण्णा त्याच्याकडे न बघता बोलायचे.

अक्कांनी नवी साडी घेतली. जांभळी, बारीक काठांची. मला वर आणून दाखवली आणि लगेच म्हणाल्या, "कशाला घेतली कुणास ठाऊक. दोन दिवसांसाठी." पण हात पदरावरून फिरत होता.

शनिवारी सकाळी ते गेले. शिरीष गेटपर्यंत आला, हात हलवला, आत येऊन माझ्यासोबत इडली खाल्ली. मी म्हटलं, हे तर सोपं आहे. दुपारचं जेवण आटोपत होतं तोच गेट वाजलं. दारात अण्णा आणि मागे अक्का, हातात तीच बॅग, तोच डबा.

"वाटेत मंड्यालाच उतरलो," अण्णा म्हणाले. "मला वाटलं गॅस चालू राहिला."

गॅस चालू नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते सरळ शिरीषजवळ जाऊन बसले आणि त्याचा हात हातात घेतला. अक्का व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसल्या, जांभळ्या साडीतच. मी पाणी दिलं. त्यांनी ते पिऊन भांडं खाली ठेवलं.

"मंड्याचा प्लॅटफॉर्म चांगला आहे," म्हणाल्या. "सावली आहे."

त्यानंतर आठवडाभर अण्णा घरात चोरासारखे वावरत होते. अक्कांना न सांगता भाजी आणायचे, न सांगता कपडे वाळत घालायचे. अक्का एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि त्याचाच अण्णांना जास्त त्रास होत असावा.

एका सकाळी ते पाण्याची टाकी बघायला म्हणून गच्चीवर आले. टाकीचं झाकण उघडलं, बंद केलं, आणि तिथेच कठड्याला टेकून उभे राहिले. जिना चढल्याने धाप लागली होती. मी खुर्ची दिली. पहिल्यांदाच ते काही न म्हणता बसले.

"वीणाताई, तुम्हाला एक सांगून ठेवतो. खाली बोलू नका."

त्यांचं हृदय कमकुवत झालं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की औषधांनी चालेल तितके दिवस चालेल. जिने चढायचे नाहीत, ओझं उचलायचं नाही. अक्कांना त्यांनी यातलं काही कळू दिलं नव्हतं.

"म्हैसूर मला कशाला बघायचंय? कारखान्याच्या सहलीत दोनदा बघून झालंय. पण हा आमच्याशिवाय राहू शकतो का, ते बघायचं होतं. मी आता बघितलं न्हाई तर पुढे कोण बघणार? आणि बघायला निघालो तर मंड्याच्या पुढं माझंच पाऊल पडंना."

मी काहीतरी धीराचं बोलले. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

मग त्यांनी शिरीषच्या शाळेतल्या एका बाईंची गोष्ट सांगितली. शिरीष तेरा-चौदा वर्षांचा होता. बाई घरी आल्या होत्या. धारवाडकडे एक निवासी शाळा आहे, तिथे अशा मुलांना आपलं आपण राहायला शिकवतात, दोन-तीन वर्षांसाठी पाठवा, असं त्या म्हणाल्या. अक्का तयार होत्या. अण्णा उठून उभे राहिले आणि बाईंना म्हणाले, "पोराला टाकून द्यायला सांगायला आलात काय?" बाईंनी चहा अर्धा ठेवला आणि गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

"त्या वेळी मला वाटलं, मी केवढा चांगला बाप," अण्णा म्हणाले. "याचे बूट मी बांधले, याला आंघोळ मी घातली, भात कालवून मी दिला. सगळं प्रेमानं केलं. एकच शिकवलं न्हाई, की मी नसताना काय करायचं. प्रेमानं केलेलं वाईट कसं दिसतं, ते आता दिसालंय."

पायऱ्या उतरताना ते थांबले. "त्या बाईंना शोधायला गेलो होतो मध्ये. शाळा सोडून गेल्यात म्हणे. कुठं, ते कुणाला माहीत न्हाई."

दुसऱ्या खेपेला ते म्हैसूरला पोचले. मंड्याहून मला फोन आला, "काय करालाय?" मी म्हटलं, घड्या घालतोय. मग म्हैसूर स्टेशनवरून, मग हॉटेलातून, मग राजवाड्याच्या दारातून. राजवाडा आतून कसा आहे, हे अण्णांनी त्या खेपेला पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी बस बघायची वेळ झाली तसा शिरीष चपला घालून गेटशी उभा राहिला. मी म्हटलं, चल, मी येते. त्याने मान हलवली. "अण्णा," म्हणाला. दिवेलागण झाली तरी तिथेच. मग रडायला लागला, आवाज न करता, आणि मोठ्या माणसाचं ते तसं रडणं बघून मला काय करावं सुचेना. मी त्याच्या शेजारी गेटला टेकून उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्याने माझा हात धरला आणि कोपऱ्याकडे ओढलं. आम्ही बस बघितल्या. "गेली," तो म्हणाला. "व्हय?" मी म्हटलं. तो माझ्याकडे बघून हसला.

रविवारी त्याने स्वतःच्या बुटाची नाडी बांधली. सैल, वाकडी, पण बांधली. कुकर लावला तेव्हा कानावर हात ठेवून का होईना, स्वयंपाकघरात थांबला. मला त्या गमतीत अण्णांचे फोन नकोसे झाले होते.

"रडला काय?" त्यांनी दुपारी विचारलं.

"काल संध्याकाळी थोडा. आज नाही."

पलीकडून गर्दीचा आवाज येत होता, कुणीतरी फुगे विकत होतं.

"आज न्हाई?"

"नाही अण्णा. आज एकदाही नाही."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ही बातमी ऐकून ते खूश होतील आणि रात्रीच्याच गाडीने येतील असं मला वाटलं होतं. ते दुपारच्या गाडीने निघाले. राजवाड्याचे दिवे राहिले. घरी पोचले तेव्हा शिरीष आणि मी स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी व्हायची वाट बघत होतो. अण्णा दारात आले, हातात म्हैसूरपाकचा पुडा. "शिरू," त्यांनी हाक मारली. शिरीषने मागे बघितलं, ओळखीचं हसला, आणि पुन्हा कुकरकडे वळला. त्याला ती शिट्टी चुकवायची नव्हती.

अण्णा बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसले. चपला काढायला वाकले आणि तसेच राहिले. मी दारात उभी. अक्का त्यांच्यासमोर येऊन थांबल्या, बॅग खाली ठेवली.

"आता काय झालं? तुम्हाला पाहिजे होतं तेच झालं की."

अण्णांनी वर बघितलं.

"गोळ्या साखरेच्या डब्यामागे ठेवल्यात," अक्का म्हणाल्या. "ह्या घरात साखर कोण काढतं? आणि ज्या माणसानं मला इतक्या वर्षांत लालबागेत नेलं न्हाई, तो एकदम म्हैसूर म्हणतो, तर मला काय काहीच कळणार न्हाई?"

अण्णांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्यांच्या हातातला पुडा आड येत होता. अक्कांनी तो काढून घेतला.

त्यानंतर त्या घरात गोष्टी उघडपणे बोलल्या जायला लागल्या. शहराबाहेर, बन्नेरघट्ट्याच्या बाजूला एक संस्था होती, तिथे मोठी झालेली अशी मुलं सोमवार ते शुक्रवार राहत, काम शिकत आणि शनिवारी घरी येत. अण्णा ती बघून आले. पुन्हा बघून आले. मग एका सोमवारी शिरीषला घेऊन गेले आणि त्याला तिथे ठेवून आले. मी ऑफिसातून आले तेव्हा अण्णा शिरीषच्या खोलीत, त्याच्या पलंगाच्या कडेला बसलेले दिसले. पंखा लावलेला नव्हता. त्यांनीच सांगितलं, "तिथं टॉवेलच्या घड्या घालायला दिल्या त्याला. लगेच बसला. मी निघालो तर बघितलंसुद्धा न्हाई." मग थोड्या वेळाने, "चांगलं आहे की ते. चांगलंच आहे. तरी वाटतं, बाईंना म्हणालो तसं मीच केलं."

विजापूरचं अक्कांनी काढलं. त्यांचं माहेर इंडीचं, विजापूर तिथून तासा-दीड तासावर. शाळेची सहल गोलघुमटाला निघाली तेव्हा अक्कांना ताप आला. पुढे लग्न झालं, शिरीष झाला, आणि जन्मगावाजवळचं ते ठिकाण बघायचं राहून गेलं. "म्हैसूर तुमच्यासाठी झालं," त्या अण्णांना म्हणाल्या. "आता मला विजापूर दाखवा."

"रात्रभराचा प्रवास आहे," अण्णा म्हणाले.

"मग रात्रभर बसू."

"काही झालं तर..."

"तर वीणा आहे. संस्थेतले लोक आहेत. आपण दोघंच आहोत असं समजायचं आता सोडा."

ते ऐकून मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण पुण्याला बदलीचा अर्ज मी आधीच केलेला होता. पण त्या वर्षी तो मंजूर झाला नाही आणि मी तिथेच होते, हे बरं झालं.

ते विजापूरला गेले. एका शनिवारी शिरीष माझ्याकडे, आणि ती दोघं तिकडे. अण्णांचे फोन आले, पण मोजकेच. परत आले ते थकून, उन्हाने काळवंडून. कसं झालं विचारलं तर अण्णा म्हणाले, "मोठं आहे. भारी मोठं आहे." अक्का म्हणाल्या, "बघून झालं." दोघांच्याही बोलण्यात त्याहून जास्त काही नव्हतं आणि मला थोडी निराशा वाटली.

अण्णा त्यानंतर वर्षभर होते. एका बुधवारी सकाळी चहा पिऊन पेपर उघडला आणि तसेच खुर्चीत गेले. शिरीष संस्थेत होता. त्याला आणायला मी गेले. गाडीत मी त्याला सांगितलं, अण्णा गेले. "गेली," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला किती कळलं ते मला आजही सांगता येणार नाही. घरी आल्यावर तो अण्णांच्या पायाशी बसून राहिला. नंतर त्याने कपाटातले त्यांचे सगळे शर्ट काढले, एकेकाची नव्याने घडी घातली आणि परत आत ठेवले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. एका दुपारी अक्का वर आल्या. गच्चीत सावलीला बसल्या. बोलता बोलता, मी काही विचारलं नसताना, त्या विजापूरचं बोलायला लागल्या.

"ह्यांना पायऱ्या चढायच्या नव्हत्या. मला म्हणाले, तू जा वर, मी खाली थांबतो. मी म्हटलं, नको, एवढं काय आहे वर. तर म्हणाले, त्यासाठीच आलोय की आपण. मग मी गेले. अरुंद जिना, वर पोरांची गर्दी. सगळी ओरडत होती. एकदा ओरडलं की सात वेळा येतं ना ते. मग ती पोरं निघून गेली आणि एकदम शांत झालं. मी कठड्यातून खाली बघितलं. हे एवढेसे दिसत होते. पांढरा शर्ट, मधोमध उभे. मी काय ओरडणार ग ह्या वयात? हळूच म्हटलं, 'अहो.'"

त्या थोडं हसल्या.

"हळूच म्हटलेलं सगळ्या घुमटातून फिरलं. चारी बाजूंनी अहो, अहो. हे इकडे बघतात, तिकडे बघतात. माझ्याकडे बघंनात. वर बघायचं त्यांना सुचंना. गोल गोल फिरत होते, हात कपाळावर धरून, मी कुठल्या बाजूला आहे ते शोधत. मला हसू आलं. मी पुन्हा हाक मारली न्हाई. कठड्याला टेकून नुसती बघत राहिले."

"मग?"

"मग त्यांना धाप लागली असणार. भिंतीपाशी गेले आणि बसले. तरी मी हलले न्हाई. तेवढा वेळ मला शिरू आठवला न्हाई, ह्यांचं दुखणं आठवलं न्हाई. लग्नाआधी कधीतरी वाटायचं तसं हलकं वाटत होतं." अक्कांनी पदर सारखा केला. "मी आणखी एक हाक मारली असती तर ते बसून राहिले असते का ग एकटे? तेवढंच येतं मनात. परत येताना गाडीत सांगणार होते त्यांना, की मी वरून बघत होते. न्हाई सांगितलं."

खालून शिरीषने त्यांना हाक मारली. त्या लगेच उठल्या नाहीत.